०.१ ग्रॅमचा वजनकाटा आणि खारीचे पिल्लू : नऊ आठवड्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

हा अभिप्राय एका छोट्या डिजिटल वजनकाट्याविषयी आहे. तळहातावर मावणारा, ५०० ग्रॅमपर्यंत वजन घेणारा आणि ०.१ ग्रॅमचा फरक दाखवणारा हा काटा मुळात दागिने किंवा पूड तोलण्यासाठी विकला जातो. मी तो सलग नऊ आठवडे खारीचे एक अनाथ पिल्लू वाढवताना वापरला. याच घडणीचा काटा विक्रेत्यागणिक वेगवेगळ्या नावांनी मिळतो, त्यामुळे नावाला फारसा अर्थ उरत नाही आणि मी ते येथे देत नाही. पिल्लू हौसेने पाळलेले नव्हते, हेही आधीच सांगायला हवे. घरट्यातून पडलेले आणि आईने परत न नेलेले हे पिल्लू वन्यजीव उपचार केंद्रातील पशुवैद्यांच्या देखरेखीखाली, मोठे झाल्यावर सोडून देण्याच्या अटीवर माझ्याकडे आले होते. ज्यांना असे पिल्लू सापडेल त्यांनी ते उबेत ठेवून आधी आईला ते परत नेण्याची संधी द्यावी आणि ती आली नाही तर अशा केंद्राशी संपर्क साधावा. काटा विकत घेण्याचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा घरात असताना दुसरा कशाला घ्यायचा, ही शंका मलाही होती. पिल्लाचे डोळे मिटलेले होते आणि पहिल्या दिवशी त्याचे वजन २८.४ ग्रॅम भरले. एवढ्याशा जिवाच्या बाबतीत एक ग्रॅम म्हणजे शरीराच्या वजनाचा सुमारे साडेतीन टक्के भाग होतो. स्वयंपाकघरातल्या काट्याने पहिले तीन दिवस २८, २८ आणि २८ असे आकडे दाखवले, तर नव्या काट्यावर ते २८.४, २७.६ आणि २८.१ असे होते. पहिल्या काट्यावर विसंबलो असतो तर पिल्लाचे वजन एका रात्रीत घटले आणि पाणी मिळाल्यावर पुन्हा सावरले, ही घडामोड माझ्या लक्षातच आली नसती. प्रौढ माणसाच्या बाबतीत बोलायचे तर साठ किलोंतील दोन किलो अचानक जावेत आणि काट्याने त्याची दखलही घेऊ नये, तसे हे झाले असते. लहान पिल्लाचे वजन रातोरात घटते तेव्हा चरबी गेलेली नसते, पाणी गेलेले असते. खांद्यावरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच सपाट न होता उभी राहते, हे त्याचे दुसरे लक्षण. पण कातडीचा अंदाज यायला हात सरावलेला लागतो, आणि माझा तो नव्हता.

काट्याचे खरे मोल मला दुधाच्या मापात कळले. खारीच्या पिल्लाला एका वेळी किती पाजावे, याचा प्रचलित नियम शरीराच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के असा आहे. पिल्लू सुदृढ असेल आणि पचन नीट होत असेल तर तो हळूहळू सात टक्क्यांपर्यंत नेतात. म्हणजे २० ग्रॅमच्या पिल्लाला एक मिली, ४० ग्रॅमच्याला दोन मिली आणि माझ्याकडच्या पिल्लाला जेमतेम १.४ मिली. आपण बोलताना ‘खारीचा वाटा’ सहज म्हणून जातो. तो वाटा प्रत्यक्षात किती लहान असतो, हे एक मिलीची सिरिंज हातात धरल्यावर समजते. पिल्लू सिरिंजला लुचत असते, आणखी मागत असते, आणि पाजणाऱ्याला वाटते की भुकेले आहे तर देऊ या अर्धा मिली जास्त. हा मोह घातक आहे. इवल्याशा जठरात मावेल त्याहून जास्त दूध गेले तर पोट फुगते, जुलाब लागतात आणि उलट आलेले दूध श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसांना सूज येऊ शकते. रोज सकाळच्या वजनावरून त्या दिवसाचे माप ठरवायचे आणि त्यापुढे जायचे नाही, ही शिस्त या काट्याशिवाय पाळता आली नसती.

पिल्लाला गाईचे दूध देऊ नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. कारण मात्र क्वचित सांगितले जाते. खारीच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या कित्येक पटींनी असतो आणि दुग्धशर्करा त्या मानाने कमी असते. गाईच्या दुधात प्रमाण नेमके उलटे पडते, म्हणून पिल्लाला पोषण अपुरे मिळते आणि वर जुलाबही होतात. केंद्राने मला कुत्र्याच्या पिल्लांसाठीची दूध-भुकटी दिली होती आणि सुरुवातीला ती खूप पातळ करून पाजायला सांगितली होती. पहिल्या काही वेळा तर दूध नव्हेच, फक्त कोमट क्षार-पाणी. पिल्लू गार असताना त्याला काहीही पाजायचे नाही, आधी ऊब, मग पाणी, मग पातळ दूध आणि शेवटी पूर्ण दाटपणाचे दूध, हा क्रम त्यांनी मला दोनदा बजावला होता. या बदलाच्या काळात वजन एक-दोन दिवस जागेवर राहते, त्याने घाबरून दूध घाईने दाट करू नये, हेही त्यात आले. मी ते ऐकले, आणि तरीही तिसऱ्या दिवशी दाटपणा वाढवलाच. संध्याकाळपर्यंत पिल्लाचे पोट छान गरगरीत दिसू लागले आणि अंगावर मांस धरू लागले आहे, असे मला वाटले. काट्याने मात्र सकाळच्या २८.१ वरून केवळ २८.२ ग्रॅम दाखवले. पोट भरल्यासारखे दिसते आणि वजन वाढत नाही, याचा अर्थ आत वायू आहे, कारण वायूला काट्यावर भरेल एवढे वजन नसते. डोळ्यांना जे बाळसे दिसत होते ती पोटफुगी होती. एक वेळचे दूध टाळून पुन्हा पातळ मिश्रणावर आलो, पोट कोमट पाण्याच्या शेकाने आणि हलक्या हाताने चोळून मोकळे केले, आणि दुसऱ्या दिवशी ते उतरले.

दाटपणा चुकण्यामागे माझ्या घाईइतकाच चमच्याचाही दोष होता, हे नंतर कळले. भुकटीचे प्रमाण डब्यावर चमच्यात दिलेले असते. पण तोच चमचा मी हलक्या हाताने भरून तोलला तेव्हा २.१ ग्रॅम आणि दाबून भरला तेव्हा २.९ ग्रॅम भरला. पाणी तेवढेच आणि भुकटी मात्र तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढलेली, असे मिश्रण मी नकळत पाजत होतो. तेव्हापासून भुकटी आणि पाणी दोन्ही वजनाने घेऊ लागलो. पाण्याचे एक मिली म्हणजे एक ग्रॅम, त्यामुळे हिशेब सोपा राहतो. येथे या काट्याची एक खोड सांगायला हवी. भुकटी अगदी सावकाश, चिमटीने भुरभुरवली तर काही वेळा आकडा हलतच नाही, कारण शून्य स्थिर राखण्यासाठी काटा आपोआप करत असलेली दुरुस्ती एवढी बारीक वाढ गिळून टाकते. उपाय असा की वाटी उचलून, भुकटी घालून, मग ती पुन्हा ठेवावी. मिश्रण करून लगेच पाजू नये. काही तास शीतकपाटात ठेवल्यास गुठळ्या विरघळतात आणि फेस बसतो. फेसाबरोबर पोटात जाणारी हवा हेदेखील पोटफुगीचे एक कारण आहे.

आणखी एक उपयोग मला कुणी सांगितला नव्हता, तो वापरता वापरता सापडला. पाजण्याआधी आणि पाजून झाल्यावर पिल्लू तोलले की पोटात खरोखर किती गेले, हे समजते. सिरिंजमधून १.४ मिली संपले आणि वजन मात्र ०.९ ग्रॅमनेच वाढले, असे एकदा झाले. उरलेले अर्धे ग्रॅम हनुवटीच्या आणि मानेच्या लवीत ओघळले होते. ते पुसता येते, पण ओघळण्याचे कारण दूध फार वेगाने येणे हे असते, आणि तोच वेग नाकातून दूध बाहेर येण्यास कारणीभूत ठरतो. मी मोठी सिरिंज बाजूला ठेवून एक मिलीची घेतली, पिल्लाला उताणे न धरता पोटावर, डोके किंचित वर राहील असे धरू लागलो, आणि तफावत ०.१ ग्रॅमवर आली.

वजन केव्हा घ्यावे, याला काट्याइतकेच महत्त्व आहे. डोळे उघडेपर्यंत खारीच्या पिल्लाला स्वतःहून मलमूत्र विसर्जन करता येत नाही. आई चाटून ते करवते आणि आपल्याला कोमट ओल्या कापसाने करवावे लागते. विसर्जनाआधी आणि नंतर वजनात सहज अर्ध्या ग्रॅमचा फरक पडतो. म्हणून रोज सकाळी, विसर्जनानंतर आणि पहिल्या दुधाआधी, अशी एकच वेळ मी धरली. इतर वेळची वजने वहीत वेगळ्या रकान्यात लिहिली, आणि वाढीचा विचार फक्त सकाळच्या आकड्यांवरून केला.

आता तक्रारी. हा काटा साठ सेकंद बटण दाबले नाही की आपोआप बंद होतो. दागिना तोलणाऱ्याला तेवढा वेळ पुरतो, पण वाटीचे शून्य करून, पिल्लू कापडातून सोडवून, वाटीत ठेवून ते शांत होईपर्यंत मिनिट कधीच उलटून गेलेले असते, आणि पुन्हा सुरू केल्यावर वाटीच्या वजनाची नोंद पुसली गेलेली असते. वाटीचे वजन आधीच वहीत लिहून ठेवणे आणि वजाबाकी हाताने करणे, हाच मार्ग उरला. दुसरी तक्रार हलत्या वजनाची. काही काट्यांत आकडा गोठवण्याची सोय असते. यात नाही, आणि वळवळणाऱ्या पिल्लाबरोबर आकडा वर-खाली नाचत राहतो. तिसरी अशी की एककाचे बटण शून्याच्या बटणाला अगदी खेटून आहे. एका पहाटेच्या अर्धवट झोपेत ते दाबले गेले, पडद्यावर ‘१.१’ उमटले आणि माझ्या काळजाचा ठोका चुकला. तो आकडा औंसांतला होता. पंख्याचा वारा, डगमगते मेज आणि कोमट वाटी यांनीही आकडा सरकतो. शेवटचे कारण पटकन लक्षात येत नाही: वाटी उबदार असेल तर तिच्याभोवतीची हवा वर सरकते आणि खालचा संवेदकही तापतो. वाटीऐवजी मऊ कापडाची छोटी पिशवी वापरल्यावर ही अडचण संपली, शिवाय पिल्लाला गार धातूचा स्पर्शही झाला नाही.

०.१ ग्रॅम दिसणे आणि ०.१ ग्रॅम बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याकडेही खरेदी करताना लक्ष द्यावे. सोबत मिळालेले १०० ग्रॅमचे प्रमाण-वजन मध्यभागी ठेवल्यावर काटा अचूक होता, कडेला ठेवल्यावर ०.३ ग्रॅमने चुकत होता. एकाच जागी, एकाच पद्धतीने तोलत राहिल्यास ही चूक रोज सारखीच राहते आणि वाढीचा कल बिघडत नाही. जागा बदलली की मात्र काट्याची चूक पिल्लाच्या नावावर जमा होते. दर रविवारी प्रमाण-वजन ठेवून तपासणे मी सोडले नाही.

येथवर वाचून वाटेल की काटा घेतला आणि काळजी मिटली. माझाही तसाच समज झाला होता, आणि या अभिप्रायातील सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे.

डोळे उघडले, पुढचे दात आले, दुधाच्या वेळा कमी झाल्या आणि पिल्लू घट्ट अन्न कुरतडू लागले. दूध सुटण्याच्या या काळात वजन चार दिवस जागचे हलले नाही. पशुवैद्यांनी ते स्वाभाविक असल्याचे सांगितले, कारण पिल्लू चपळ होते आणि खेळत होते. तरीही वहीतली सपाट रेघ मला पाहवेना. केंद्राने दिलेला आहार उंदीरवर्गीय प्राण्यांसाठीचे समतोल गोळीखाद्य, हिरवी पाने आणि भाज्या असा होता. कवचाची फळे आणि बिया अगदी थोड्या, त्याही शेवटी. पिल्लाला गोळ्या मुळीच आवडत नव्हत्या आणि सूर्यफुलाच्या बियांवर ते तुटून पडत असे. मी बिया वाढवल्या, जोडीला शेंगदाणे दिले, आणि वजन झपाट्याने वाढू लागले. दोन आठवडे काट्यावरचा आकडा रोज सकाळी मला शाबासकी देत होता. मग एका संध्याकाळी पिल्लाने नेहमीच्या फांदीवर उडी घेण्याचे टाळले. दुसऱ्या दिवशी ते मागचे पाय किंचित फरफटत चालत होते आणि कंबरेला हात लावू देत नव्हते.

ही कॅल्शियमच्या कमतरतेतून येणारी हाडांची दुर्बलता होती. खारीच्या आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण दोनास एक असावे, असे मानले जाते. सूर्यफुलाच्या बियांत ते उलट, जवळपास एकास आठ असते. शेंगदाण्यात एकास चार. वाळलेल्या मक्यात तर कॅल्शियम नावालाच असते. फॉस्फरस असा वरचढ झाला की रक्तातील कॅल्शियमची पातळी राखण्यासाठी शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागते. बिया स्निग्ध असल्याने चरबी वाढते, चरबीने वजन वाढते, आणि ते वाढते वजन दिवसेंदिवस पोकळ होत चाललेल्या हाडांवर येते. काट्याला यातले फक्त वजन दिसते. ज्या आकड्याने मला पोटफुगी आणि बाळसे यांतला फरक दाखवला होता, त्याच आकड्याने येथे माझी दिशाभूल केली, आणि दोष त्याचा नव्हता, कारण त्याला जे विचारले होते त्याचे उत्तर त्याने अचूक दिले होते.

पशुवैद्यांनी कॅल्शियम सुरू केले, उड्या मारता येणार नाहीत असा उंचीने ठेंगणा पिंजरा दिला आणि बिया पूर्ण बंद केल्या. उन्हाचाही प्रश्न निघाला. कॅल्शियम शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. ते कातडीत तयार होण्यासाठी अंगावर पडावे लागणारे अतिनील किरण खिडकीची काच अडवते, त्यामुळे काचेआडून पिंजऱ्यावर येणारे ऊन केवळ उबेपुरते होते. पिंजरा सावलीच्या सोयीसह उघड्या हवेत जाऊ लागला. कॅल्शियमची मात्रा मी येथे मुद्दाम देत नाही. ती पिल्लाची अवस्था पाहून पशुवैद्यांनीच ठरवावी.

यानंतर काटा मी वेगळ्या प्रकारे वापरला. पिल्लाबरोबरच त्याचे ताटही तोलू लागलो. सकाळी ठेवलेले आणि रात्री उरलेले, प्रत्येक पदार्थ वेगळा. पहिल्याच दिवशी कळले की सहा ग्रॅम गोळ्यांपैकी ५.६ ग्रॅम तशाच पडल्या होत्या; म्हणजे मागचे दोन आठवडे मी ज्याला समतोल आहार समजत होतो तो केवळ वाढलेला होता, खाल्लेला नव्हता. पाने सुकून हलकी होतात आणि खाल्ल्याचा भास होतो, म्हणून तेवढीच पाने पिंजऱ्याबाहेर वेगळी ठेवून त्यांची घट वजा करत असे. पालक मात्र देणे थांबवले, कारण त्यातले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. गोळ्या भाजीच्या रसात किंचित भिजवून, सकाळी भुकेच्या वेळी एकट्याच ठेवल्यावर आठवड्याभरात ४.५ ग्रॅम खाल्ल्या जाऊ लागल्या. त्या आठवड्यात पिल्लाचे वजन तीन ग्रॅमने उतरले, आणि वहीत प्रथमच मी घटीपुढे काळजीची खूण केली नाही. मागचे पाय सावरायला त्यानंतर सुमारे तीन आठवडे लागले.

शेवटच्या दिवसांत पिशवीत राहील एवढे ते शांत उरले नव्हते. झाकणाला भोके पाडलेल्या हलक्या प्लास्टिकच्या डब्यात गोळी ठेवायची, ते आत गेले की झाकण लावायचे आणि डब्याचे वजन वजा करायचे, असे करावे लागले. माझ्याकडची खार लहान जातीची, त्यामुळे डब्यासह आकडा ३०० ग्रॅमच्या आत राहिला. राखाडी खार पूर्ण वाढल्यावर ४०० ते ६०० ग्रॅमची होते. तिच्यासाठी ५०० ग्रॅमचा काटा पिल्लूपणानंतर निरुपयोगी ठरेल.

एकूण विचार करता, डोळे न उघडलेले पिल्लू ज्यांच्या हाती आहे त्यांना मी हा काटा निःसंकोच सुचवीन, आणि नव्याने घेणाऱ्यांनी एक किलोपर्यंत तोलणारा, आकडा गोठवण्याची सोय असलेला, आपोआप बंद होणे थांबवता येईल असा आणि एककाचे बटण दूर असलेला काटा शोधावा. घेतानाच १०० ग्रॅमचे प्रमाण-वजन मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावे. आणि वहीत पिल्लाच्या वजनाच्या रकान्याशेजारी गोळ्या, पाने आणि बिया यांचे तीन रकाने पहिल्या घासापासूनच आखावेत. माझ्या वहीत ते सहाव्या आठवड्यात आले.